थंड साच्यातली गोळी

बाबांच्या परवान्याच्या जुन्या रिव्हॉल्व्हरची काडतुसं बाजारात मिळेनाशी झाली, तेव्हा ते नेरच्या घरी परसात शिसं वितळवून स्वतःच गोळ्या ओतू लागले. साचा थंड असल्यानं पहिली गोळी नेहमी सुरकुतलेली निघायची. ती ते परत वितळायला टाकायचे.

माझं पहिलं बाळ जन्मतःच गेलं. दवाखान्यात बाबा म्हणाले, "पयली गोयी अशीच निंगते, माय. रडू नोको."

माझं लेकरू म्हणजे काय शिसं होतं? मी त्यांच्याशी बोलणंच टाकलं. तीन वर्षांनी ते गेले.

रिव्हॉल्व्हर ठाण्यात जमा करायला त्यांची पेटी उघडली. आत माझ्या बाळंतपणाच्या दवाखान्याच्या चिठ्ठीत एक सुरकुतलेली गोळी गुंडाळलेली होती. तेवढी त्यांनी वितळवली नव्हती.