मागे घेतलेला पेपर

बाई कुणाला ‘समजलं का?’ असं कधी विचारत नसत. ‘कुठे अडलं?’ एवढंच विचारत आणि उत्तर येईपर्यंत खडू खाली ठेवून गप्प उभ्या राहत. परळच्या आमच्या कॉलेजात त्या कॉम्प्युटर शिकवत. ठाकूरद्वारला एका वाडीत दोन खोल्यांत एकट्याच राहायच्या. मी त्याच कॉलेजात नवखी प्राध्यापिका, आणि माझ्या पीएचडीच्या मार्गदर्शक त्याच.

आयुष्यभर त्यांनी एकाच प्रश्नाचा पिच्छा पुरवला. एका जाळ्यात पुष्कळ यंत्रं जोडलेली आहेत. सगळी हुबेहूब सारखी, कुणालाच नाव नाही की नंबर नाही. त्यांनी एकमेकांना निरोप पाठवून आपल्यातला एक प्रमुख निवडायचा. त्यासाठी प्रत्येकाला कमीत कमी किती मेमरी लागेल?

शिकवताना त्या सात मुलांना व्हरांड्यात हात धरून गोल उभं करत. नियम सगळ्यांना एकच. त्यामुळे एकानं पाऊल पुढे टाकलं की सगळ्यांचंच पडे. निवड व्हायचीच नाही. मग बाई कुठले तरी दोन हात सोडवून गोलाची रांग करत. आता टोकाच्या दोघांना एकच शेजारी. ते आतल्या बाजूला टाळी पाठवत आणि ज्याला दोन्हीकडून एकदम टाळी मिळे, तो प्रमुख. “सगळे सारखे असले, तरी जागा सारखी नसते,” बाई म्हणत.

माझ्या पीएचडीच्या तिसऱ्या वर्षी आम्ही दोघींनी एक पेपर लिहिला. फांद्या फुटलेल्या जाळ्यातही अगदी थोड्या मेमरीत निवड होते, असा आमचा दावा होता. एका मोठ्या परिषदेनं तो स्वीकारला. माझा सगळा प्रबंध त्यावरच उभा होता आणि नोकरी कायम होणं प्रबंधावर. लालबागला आमच्या चाळीत आईनं मजल्यावर पेढेसुद्धा वाटले.

त्यानंतरच्या शनिवारी बाईंनी पुन्हा रांग लावली. पहिल्या वर्षाची एक मुलगी मध्येच म्हणाली, “मॅडम, टाळी यायला किती वेळ थांबायचं ते मी मोजतेय. पण हा आकडा कुठे ठेवायचा? तोही मेमरीतच ना?”

पोरं हसली. बाई हसल्या नाहीत. आमच्या सिद्धतेतही एका ओळीत यंत्रं अशीच थांबून मोजत होती, आणि त्या मोजणीला लागणारी मेमरी आम्ही धरलीच नव्हती.

स्टाफरूममध्ये येऊन त्या म्हणाल्या, “पेपर मागे घ्यायचा.”

“बाई, कुणाच्या लक्षातसुद्धा येणार नाही.”

“आपल्या आलंय.”

परिषदेला पत्र त्यांनीच लिहिलं. ‘चूक माझी, माझ्या पीएचडीच्या विद्यार्थिनीची नाही,’ असं त्यात स्पष्ट म्हटलं होतं. त्या मुलीचे आभारही होते. महिनाभर मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलले. मला रागापेक्षा भीती जास्त वाटत होती. एका रविवारी बाई आमच्या घरी आल्या. तीन जिने चढून दम लागला होता, तरी पाणी घेण्याआधी आईला म्हणाल्या, “हिचं काही चुकलेलं नाही. चुकलं ते माझं. अजून दीडेक वर्ष जाईल. तेवढं हिला घाई करू नका.”

आईला त्यातलं अवाक्षर कळलं नसावं. तिनं फक्त, “बसा ना बाई, जेवूनच जा,” म्हटलं. बाई जेवल्या. पान वाढताना माझ्या हातून आमटी सांडली. त्यांनी ती स्वतःच पुसली.

पुढे मी नवी सिद्धता लिहिली. तिच्यात मेमरी जास्त लागत होती, पण सिद्धता खरी होती. बाईंनी ओळ न् ओळ तपासली. स्वतःचं नाव मात्र घालू दिलं नाही. “हे तुझं आहे,” म्हणाल्या.

माझ्या तोंडी परीक्षेच्या दोन महिने आधी बाई हृदयविकारानं गेल्या.

परीक्षेच्या दिवशी परीक्षकांनी विचारलं, “सुरुवात कुठून करणार?” मागे घेतलेल्या पेपरचा प्रबंधात उल्लेख नव्हता आणि त्यांना तो ठाऊकही नव्हता. मी म्हटलं, “आधी आमची चूक सांगते.” मग फळ्यावर ती जुनी सिद्धता पहिल्यापासून लिहिली, आणि आम्ही मोजणी विसरलो होतो त्या ओळीखाली रेघ मारली.