डाव्या दंडावरची लस

शिंदखेड्याजवळच्या एका गावात प्रमिलाबाई सोळा वर्षं आशाताई, म्हणजे गावच्या आरोग्य कार्यकर्त्या. लसीचा दिवस आला की त्यांचा पाय घरात ठरत नसे. कुणी बाळ लपवलं तर त्या उंबऱ्यावर ठाण मांडत, चहा पीत, पण बाळ घेतल्याशिवाय हलत नसत. गाव त्यांना मागून 'सुईवाली' म्हणायचं आणि त्यांना ते मनातून आवडायचं.

मुलाला, हितेंद्रला, त्यांनी भावाचीच मुलगी केली. घरची पोर घरात, म्हणून मोठ्या हौसेने. त्या सुनेला, दिपमालाला, मुलगा झाला. दुसऱ्याच दिवशी त्याच्या डाव्या दंडावर क्षयाची लस टोचली, तीही आजीच्या मांडीवर.

दोन महिन्यांनी बाळाच्या तोंडातला पांढरा थर हटेना, जुलाब थांबेनात. डाव्या काखेत गाठ आली, फुटून वाहू लागली. देवपूरच्या डॉक्टरांनी रक्त मुंबईला पाठवलं आणि अहवाल आल्यावर प्रमिलाबाईंना समोर बसवून सगळं सांगितलं. रोगाशी लढणाऱ्या रक्तातल्या टी पेशींना 'वाढा, तयार व्हा' असा निरोप बाहेरून येतो. तो आत पोचवणारं किनेज नावाचं प्रथिन बाळात बिघडलेलं होतं, म्हणून त्या पेशी घडल्याच नाहीत. लसीतले दुबळे जंतू इतर लेकरांच्या शरीराला नुसते लढायला शिकवून जातात, या एकट्याला त्यांनी पोखरलं. असं बाळ लाखात एखादं. बिघाड मात्र आई आणि बाप दोन्हीकडून यावा लागतो. हितेंद्रला तो प्रमिलाबाईंकडून मिळाला, दिपमालाला त्यांच्या भावाकडून.

निरोप पोचला नाही तर काय होतं, हे दारोदार लसीचा निरोप नेणाऱ्या प्रमिलाबाईंना कुणी समजवायला नको होतं. सून त्यांनीच आणली, मांडीही त्यांनीच दिली. उपाय एकच होता, दुसऱ्याची अस्थिमज्जा बाळात घालणं; ती जुळेपर्यंत बाळ काही थांबलं नाही. पाचव्या महिन्यात गेलं.

पुढच्या लसीच्या दिवशी गावातल्या कुंदाबाईने दीड महिन्याची नात घरातच ठेवली. म्हणाली, "अक्का, तुमना नातू सुईनी खादा."

प्रमिलाबाई नेहमीसारख्या उंबऱ्यावर बसल्या. चहाला हात लावला नाही. डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं तिला सांगितलं आणि म्हणाल्या, "मना नातूना आंगमा निरोप लई जाणारं नव्हतं, माय. तुनी नातना आंगमा ते शे. चाल."

कुंदाबाई नातीला घेऊन निघाली. अंगणवाडीत नर्सने सवयीने बाळ प्रमिलाबाईंकडे केलं. सोळा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी ते मांडीवर घेतलं नाही, कुंदाबाईकडे दिलं आणि भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. सुई टोचली. बाळ रडायच्या आधी त्याच रडल्या.