गयामावशींचा उन्हाळा

मे महिन्याच्या भर दुपारी, जेव्हा उस्मानपुऱ्यातली कुत्रीसुद्धा नळाच्या ओलीत पोट टेकून पडलेली असत, तेव्हा गयामावशी दाराबाहेरच्या पायरीवर उन्हाकडे तोंड करून बसायच्या. डोळे मिटलेले, पदर डोक्यावरून घसरलेला आणि चेहरा अगदी शांत. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, बाईला चक्कर आली. तांब्या घेऊन मी धावले. त्यांनी एक डोळा उघडला.

"काहून गं? मला काय झालंय? ऊन खाऊ दे की जरा."

थंडीत माणसं ऊन खातात हे मला ठाऊक होतं. मे महिन्यात ऊन खाणारी बाई मी जन्मात पहिल्यांदाच पाहत होते.

मी त्यांची भाडेकरू. माहेर गुहागरकडचं. नवऱ्याच्या बदलीपायी औरंगाबादेत आले आणि इथल्याच एका शाळेत मराठी शिकवायला लागले, म्हणून मावशींच्या तोंडी माझं नाव 'मास्तरीण' पडलं ते कायमचं. इथला उन्हाळा मला अजिबात सोसायचा नाही. ओठ फुटायचे, नाकातून रक्त यायचं, आणि मी दिवसभर आमच्या कोकणातल्या पावसाची आठवण काढत कुरकुरत असायचे. मावशी ऐकून घ्यायच्या आणि मग माझी फिरकी घ्यायच्या.

"तुमच्या मुलखात आभाळ चार चार महिने गळतं म्हंतीस. मग माणसं वाळत्यात तरी कवा?"

"आमच्याकडे डोळ्यांना गारवा असतो, मावशी. इथं नुसती धूळ."

"धूळ बरी, माय. झटकली की गेली. बुरशी झटकून जाती का?"

आमच्या घरात पावसाळ्यात गोधड्यांना येणारा वास मला आठवे. अशा वादात त्यांचं शेवटचं वाक्य ठरलेलं होतं. कुरडया वाळत घालताना, गच्चीवर अंथरुणं पसरताना, माठाला फडकं गुंडाळतानाही त्या ते म्हणायच्या, "पावसाळा झाकून ठेवितो, मास्तरीण. उन्हाळा दाखवितो." मला ती त्यांच्याकडची एखादी जुनी म्हण वाटायची. वर्गात एकदा मी ती पोरांना सांगितलीसुद्धा.

मावशींचं गाव पैठणच्या वरच्या अंगाला, गोदेच्या काठी होतं. होतं, कारण धरण झालं तेव्हा ते नाथसागराखाली गेलं. थोडी जमीन, थोडी मेंढरं, असा त्यांचा संसार. नवरा लवकर गेला. मोबदल्यातून उस्मानपुऱ्यात हे दोन खणांचं घर झालं आणि मुलगा उत्तम कारखान्यात लागला. या सगळ्याबद्दल मावशी मोकळेपणाने बोलत, फक्त गावाचं नाव घेत नसत. 'आमचं गाव' एवढंच म्हणत. मी एकदा खोदून विचारलं.

"नाव घेतलं की हाक मारल्यावाणी होतं," त्या म्हणाल्या. "हाक मारली की माणूस वळून बघतं. पाण्याखालून कुणाला वळाया लावू?"

एवढं बोलून त्या लसूण सोलायला बसल्या.

उत्तमला पैठणला, जलाशयापासून जवळच एक घर भाड्याने मिळत होतं. तिथं उन्हाळ्यातही गार वारं. आईला बरं वाटेल म्हणून तो मोठ्या हौसेने त्यांना घर दाखवायला घेऊन गेला. दोन-चार दिवस राहून या म्हणून मीच पिशवी भरून दिली होती. संध्याकाळच्या एसटीने मावशी परत दारात हजर.

"काय झालं, मावशी? वारं नव्हतं का?"

"होतं की. लई होतं. पण ओलं." त्या पायरीवर बसल्या आणि बराच वेळ तळहात गालावर ठेवून राहिल्या. "दुपारी जरा डोळा लागला, तर कुणी तरी गालावरून हात फिरवीत व्हतं. ओला हात. इवलासा."

उत्तम माझ्याकडे बघून कसनुसा हसला. पुन्हा त्या घराचा विषय निघाला नाही.

त्यांची आणखी एक सवय म्हणजे, होळी झाली की रोज सकाळी मला पेपर वाचायला लावायच्या. राजकारण नाही, खून-मारामाऱ्या नाहीत, फक्त धरणात किती पाणी उरलंय ते. आमच्या शहराच्या नळाला तेच पाणी येतं, त्यामुळे सगळेच ती बातमी वाचत आणि उसासे टाकत. मावशी उसासा टाकत नसत. पाणी उतरलं असं वाचलं की त्या "अजून?" असं विचारायच्या. त्या विचारण्यात काळजी नव्हती, हे माझ्या लक्षात येत होतं. पण त्यात काय होतं, ते मात्र कळत नव्हतं.

मग ते वाईट वर्ष आलं. आधीचे दोन पावसाळे कोरडेच गेले होते. नळाचं पाणी कधी येईल याचा भरवसा राहिला नाही. टँकर आला की गल्लीत हंडे आपटायचे, बायका एकमेकींच्या झिंज्या उपटायच्या बेतात यायच्या. मिरगाचं नक्षत्र लागलं तरी आभाळ कोरडं ठक्क. शेवटी गल्लीतल्या बायकांनी धोंडी काढली. एका पोराच्या अंगाला कडुलिंबाच्या डहाळ्या बांधायच्या, त्याला दारोदार फिरवायचं आणि प्रत्येक घराने त्याच्या डोक्यावर पाणी ओतून पावसाची विनवणी करायची, अशी इथली रीत. हंडा नसेल तर पेलाभर, पण ओतायचं. त्या दिवशी कुणी कुणी तर माठाच्या तळाचं पाणी ओतलं.

धोंडी आमच्या दाराशी आली आणि गयामावशींनी दार लावून घेतलं.

बायका थांबल्या. कडी वाजवली. मी पुढे होऊन माझ्या घरातला पेला ओतला तेव्हा ती मंडळी पुढे सरकली, पण गल्लीभर एकच कुजबुज. "म्हातारी पाणी पीत नाय का? पावसाला दार लावती म्हंजी काय?" कुणी कंजूस म्हणालं, कुणी त्याहून वाईट बोललं. मला संताप आला होता. मी मागच्या दाराने आत गेले.

मावशी जमिनीवर भिंतीला टेकून बसल्या होत्या. समोर भरलेला तांब्या होता.

"भरून ठिवला व्हता गं," त्या म्हणाल्या. "पण माझ्या तोंडानं पाणी मागणं व्हईना."

"का पण, मावशी?"

त्यांनी तांब्या बाजूला सारला. मग सांगितलं. उत्तमच्या आधी त्यांना एक मुलगी झाली होती, शेवंता. चैत्रात जन्मली आणि मिरगाच्या आधीच तापाने गेली. दात न आलेलं मूल पुरतात, तसं तिला मेंढरांच्या वाड्यामागे बोरीच्या झाडाखाली पुरलं. कोल्ह्याने उकरू नये म्हणून वर फुटक्या जात्याची तळी ठेवली. पुढे धरणाचं पाणी येणार म्हणून गाव उठलं. लोकांनी वाजतगाजत देव नेले, दारं-चौकटी उचकटून नेल्या, झाडंसुद्धा तोडून नेली.

"तिला कशी नेऊ? तिनं उन्हाळाच पाहिला फकस्त. पावसाचा एक थेंब तिच्या अंगावर पडला नाय. पाणी म्हंजी काय ते ठाऊकच नाय माझ्या लेकीला. आन् आता बारा महिने पाण्याखाली." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "येक डाव ते पाणी पार हटू दे, मास्तरीण. येक डाव तिथं टेकू दे मला. मग खुशाल पडू दे पाऊस."

सगळा मराठवाडा आभाळाकडे बघत होता आणि ही एकटी बाई आणखी थोडं ऊन मागत होती. मला त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही. मी नुसती त्यांचा हात धरून बसले.

त्याच आठवड्यात पेपरात आलं की धरणातलं बुडालेलं देऊळ उघडं पडलंय. मी वाचून दाखवलं तशा मावशी "आमच्याच गावचं ते," म्हणत उठल्या आणि लुगडं बदलून आल्या. उत्तम म्हणाला, "आई, गाळाबिगर काय नाय तिथं." तरी तो आला. मीही गेले. पैठणची एसटी, तिथून रिक्षा आणि मग भेगाळलेल्या गाळातून पायी. ऊन असं की डोळे उघडवेनात. पाणी लांब, एका रेघेएवढं उरलं होतं. देवळाचा चौथरा, विहिरीचं कडं आणि ठिकठिकाणी तोडलेल्या झाडांचे काळे बुंधे दिसत होते. लांबून एक कुटुंब त्या गाळात काकड्या तोडत होतं.

आम्ही बोरीचा बुंधा शोधला. दगड शोधला. उत्तमने काठीने जागा टोकरून पाहिल्या. सगळीकडे सारखाच गाळ. मावशी मात्र काही शोधत नव्हत्या. त्या देवळाच्या चौथऱ्यावर बसल्या, उन्हाकडे तोंड केलं आणि डोळे मिटले. अगदी आमच्या पायरीवर बसत तशा. इतकी वर्षं त्या भर दुपारी कुणाबरोबर बसत होत्या ते मला तेव्हा कळलं.

थोड्या वेळाने उठून त्या सरळ चालत गेल्या आणि एका जागी थांबल्या. तिथं दगड नव्हता, बुंधा नव्हता, काहीच नव्हतं.

"हितंच," त्या म्हणाल्या आणि खाली टेकल्या.

उत्तमने घाईघाईने छत्री उघडून त्यांच्यावर धरली. त्यांनी ती हाताने बाजूला केली.

"सावली पाडू नको तिच्यावर. लागू दे तिला ऊन."

आणि आपली स्वतःची सावलीसुद्धा त्या जागेवर पडू नये म्हणून त्या सरकून दुसऱ्या बाजूला बसल्या. उत्तम छत्री मिटून तिथंच उभा राहिला. मग काय वाटलं कोण जाणे, तोही सावली सांभाळून आईशेजारी बसला. ती जागा खरी होती की नाही, मला माहीत नाही. आम्ही तिघंही ऊन कलेपर्यंत तिथं होतो.

दुसऱ्या दिवशी मावशींनी धोंडीच्या पोराला स्वतः हाक मारून बोलावलं आणि त्याच्या डोक्यावर अख्खी घागर रिकामी केली. बायका बघत राहिल्या. "आता मागती मी," त्या म्हणाल्या. त्या वर्षी पाऊस उशिरा आला, पण आला. धरण हळूहळू भरलं. मावशींनी पुन्हा कधी मला पेपर वाचायला लावला नाही.

त्या गेल्या त्या काही वर्षांनी, ऐन श्रावणात. आधी उत्तमला आणि मला जवळ बोलावून एवढंच सांगितलं, "माझी राख पैठणच्या घाटावर नको. तिथलं पाणी पुढं निघून जातं. वर, धरणाच्या पाण्यात सोडा. ते थांबतं." भावकीतल्या वडीलधाऱ्यांनी नाकं मुरडली, वाहत्या पाण्याचं शास्त्र सांगितलं. उत्तम बधला नाही. एका मासेमाराच्या तराफ्यावर बसून आम्ही गेलो. खाली देऊळ कुठं असेल ते त्या मासेमारालाच ठाऊक. बारीक पाऊस पडत होता. राख थोडा वेळ पाण्यावर राहिली आणि मग दिसेनाशी झाली.

मी अजून उस्मानपुऱ्यातच राहते. घरात कूलर आहे, तरी उन्हाळ्याला शिव्या घालायची माझी सवय गेलेली नाही. पाऊस लांबला की आजही एखाद्या वर्षी आमच्या गल्लीत धोंडी निघते. मी तांब्या भरून दारात उभी असते. पाऊस मलाही हवा असतो, मी कोकणातली. पण पाणी ओतताना हात थोडा थबकतोच. तिथं खाली आता दोघी आहेत, आणि दोघींनाही ऊन आवडतं.