सिंधूअक्का आणि बोअरचं पाणी

सिंधूअक्का सकाळी उठल्या की स्वतः चहा घ्यायच्या आधी गाडीला पाणी पाजायच्या. 'पाजायच्या' हा शब्द त्यांचाच. अंगणातल्या बोअरच्या नळावर स्टीलचा जग भरायचा, बॉनेट उचलून दांडीवर टेकवायचं, कपाळाला लावावा तसा तळहात इंजिनाला लावायचा, मग रेडिएटरचं टोपण फिरवून काठोकाठ पाणी ओतायचं. थोडं बाहेर सांडलं की पदरानं कड पुसायची. जळगावच्या पिंप्राळ्यात त्यांच्याकडे खोली बघायला मी गेलो, तेव्हा हेच चाललं होतं. मान वर न करता म्हणाल्या, "खोली ना? थांब. आधी हिचं होऊ दे."

मी थांबलो. त्या खोलीत पुढे बरीच वर्षं राहिलो.

माझे वडील फैजपूरला केळीचे घड ट्रकमध्ये भरायचे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. केमिस्ट्री घेऊन बीएस्सी झालो, ज्युनियर कॉलेजात शिकवायला लागलो, आणि हे मी कुणी विचारायच्या आधीच सांगत असे. आजही सांगतो. अक्कांनाही पहिल्याच दिवशी सांगितलं. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि त्या दिवसापासून माझं नावच 'बीएस्सी' पडलं. "ए बीएस्सी, वरची टाकी भरली का बघ." "बीएस्सी, वरण खाशील का?" चिडवायच्या, पण पाहुण्यांसमोर ओळख करून देताना त्याच शब्दावर त्यांचा आवाज जरा चढायचा.

अक्का निवृत्त परिचारिका. चोपड्याच्या बाजूला सातपुड्याच्या पायथ्याशी त्यांनी उभी नोकरी काढली. यजमान असतानाच गाडी चालवायला शिकल्या आणि ते गेल्यावर गाडी कुणाच्या हातात दिली नाही. पांढरी, चौकोनी, मागच्या काचेला तडा गेलेली गाडी. महिन्यातून एकदा तिच्यातून धुळ्याला धाकट्या बहिणीकडे, माईकडे जायच्या. एकट्या. बोलायच्या बहुतेक आपल्यासारखंच, पण मनातलं काही असलं की माहेरची अहिराणी तोंडात यायची.

त्यांचा एक नियम होता. इंजिन तापलेलं असताना टोपणाला हात लावायचा नाही. एकदा शेजारचे आबा पार्किंगवरून भांडायला आले. मी उत्तर द्यायला पुढे झालो, तर अक्कांनी माझा दंड धरला. "गरम शे आत्ते. झाकण नको उघाडू." संध्याकाळी त्याच आबांकडे वाटीभर शेवभाजी घेऊन गेल्या आणि गाडी कुठे लावायची ते ठरवून आल्या. दुसरं त्यांचं आवडतं वाक्य दवाखान्यातलं. "ताप म्हणजे रोग नाही. आतून कुणीतरी हाक मारतंय. हाक कुठून येतेय ते शोधा, नुसती पट्टी ठेवून काय होणार?"

एका वर्षी मेमध्ये हाक आली ती पारोळ्याच्या पुढे, भर दुपारी. गाडी उकळली. बॉनेटमधून वाफ, रस्त्यावर चिटपाखरू नाही, सावलीला एक बाभूळ. एका ट्रॅक्टरवाल्यानं गाडी ओढत पारोळ्याला आणली आणि अक्कांच्या फोनवरून पुण्याला त्यांच्या मुलाला, प्रशांतला, कळवलं. दुसऱ्या दिवशी गाडी टेम्पोवर घालून घरी आली आणि मागोमाग प्रशांत दारात.

त्याचं चुकत होतं असं मी म्हणणार नाही. आई एकटी, तळपतं ऊन, जुनी गाडी. कुणालाही घाम फुटेल.

"आई, भंगारवाल्याशी बोलून आलोय. रविवारनंतर येऊन घेऊन जाईल. तुला धुळ्याला जायचं असेल तेव्हा मी भाड्याची गाडी पाठवीन."

"म्हणजे माईकडे जायला मी तुला फोन करायचा?"

"त्यात काय झालं?"

"आणि तू मीटिंगमध्ये असलास तर माई थांबेल?"

"आई, तू रस्त्यावर पडली असतीस!"

"पडले नाही. बाभळीखाली बसले होते." मग एकदम अहिराणीत, "मन्ही गाडी शे ती, प्रशांत. तुन्ही नही."

शेवटी अट ठरली. गाडी घरीच दुरुस्त करायची. रविवारी दुपारच्या उन्हात धुळ्याला जाऊन परत यायचं, प्रशांत शेजारी बसणार. तापमानाचा काटा लाल रेषेला टेकला तर गाडी भंगारात, आणि अक्कांनी पुन्हा ब्र काढायचा नाही. अक्का "कबूल" म्हणाल्या. माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बीएस्सी, कॉलेजला सुट्टी आहे ना? चल, पेशंट घ्यायचा आहे."

पहिल्या दिवशी आम्ही पुढची जाळी काढली. रेडिएटरवर कापसाचा जाड थर बसलेला. जिनिंग मिलच्या रस्त्यानं सतत येणं-जाणं, उडालेला कापूस वर्षानुवर्षं पंख्यानं आत ओढलेला, त्यावर धूळ बसून अगदी घोंगडी झालेला. अक्कांनी तो दोन बोटांनी सोलून काढला. "बघ, एवढं नाकात भरलं तर श्वास कुठून घ्यायचा तिनं?" मागच्या बाजूनं पाण्याची बारीक धार मारून रेडिएटर साफ केला. पाण्याचा एक रबरी पाइप क्लिपेपाशी चिरला होता. रोज पाणी कमी होत होतं ते तिथून. नवा पाइप, नवी क्लिप. गाडी सुरू केली. काटा मध्यावर आला, क्षणभर थांबला आणि पुन्हा वर सरकायला लागला.

प्रशांत ओट्यावरून म्हणाला, "सोड ना आई."

"तू चहा कर सगळ्यांना," अक्का म्हणाल्या.

गाडी पूर्ण थंड झाल्यावर मी खालचा पाइप सोडला आणि आतलं पाणी घमेल्यात घेतलं. तांबूस पाणी आणि त्यात पांढऱ्या खपल्या. एक खपली बोटांत चुरडली. मी न्हाणीघरात गेलो, बादलीत पाणी तापवायची अक्कांची कॉइल घेऊन आलो आणि घमेल्याशेजारी ठेवली. कॉइलवर तोच पांढरा थर, टणक, चुन्यासारखा.

"अक्का, हे बोअरच्या पाण्यातले क्षार आहेत. पाणी तापलं की ते असे आत चिकटतात. रेडिएटरच्या नळ्या बुजल्यात. तुम्ही रोज सकाळी जे पाजता ना, त्यानंच."

अक्का खाली बसल्या. कॉइलवरून बोट फिरवलं, घमेल्यातली खपली उचलून उन्हात धरली.

"चोपड्याला क्वार्टरच्या नळाला नदीचं पाणी यायचं," त्या म्हणाल्या. "यांनी तिथेच शिकवलं होतं मला, सकाळी पाणी घालत जा म्हणून. इथे आलो, नळ बदलला. मी हात नाही बदलला."

मला वाटलं, आता त्या मोडतील. प्रशांतलाही तसंच वाटलं असावं, कारण तो चहाचे कप तसेच धरून उभा होता. पण अक्का गुडघ्यावर हात टेकून उठल्या. चेहरा असा, की जणू वॉर्डात निदान झालंय. "चला, कारण सापडलं. कारण सापडलेला पेशंट मी कधी हातचा जाऊ दिला नाही. बीएस्सी, आता तुझी विद्या दाखव. हा चुना सुटतो कशानं?"

"लिंबूसत्त्वानं."

आम्ही कोपऱ्यावरच्या दुकानात गेलो. दुकानदार शेठ मूळचे मारवाडचे, पण तीन पिढ्या पिंप्राळ्यात. लिंबूसत्त्वाच्या पुड्या एवढ्या कशाला म्हणून त्यांचे डोळे मोठे झाले.

"अक्का, लग्न काढलं का घरात? एवढं सरबत कुणाला?"

"गाडीला."

"साखर नको का मग?"

"तिला शुगर आहे, शेठ," अक्का म्हणाल्या आणि पिशवी काखेत मारून निघाल्या.

कोमट पाण्यात लिंबूसत्त्व विरघळवून भरलं, इंजिन थोडा वेळ चालू ठेवलं, थंड होऊ दिलं, सोडलं. पाणी गढूळ, फेसाळ, खपल्याच खपल्या. पुन्हा भरलं, पुन्हा सोडलं. अक्का टोपणाजवळ स्टूल टाकून बसल्या होत्या आणि थंड झाल्याशिवाय कुणाला जवळ येऊ देत नव्हत्या. दोन दिवस हेच. मग साध्या पाण्यानं खळखळून धुतलं, येणारं पाणी नितळ दिसेपर्यंत. शेवटी कूलंट आणि बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणी. बोअरच्या नळाला अक्कांनी एक फडकं बांधून टाकलं. "हात जातो सवयीनं," म्हणाल्या.

रविवारी जेवणं झाल्यावर निघालो. बाहेर डांबर मऊ पडलेलं. अक्का चालवत, प्रशांत शेजारी, मी मागे. प्रशांतची नजर काट्यावरून हलेना. एरंडोल गेलं. पारोळ्याच्या पुढे ती बाभूळ आली आणि मागे गेली. काटा मध्यावर होता. मध्यावरच राहिला.

"प्रशांत, काटा काय बघतोस सारखा? मुलगी बघायला गेला होतास तेव्हाही एवढं बघितलं नव्हतंस."

मी मागे हसलो. मग प्रशांतही हसला, आणि त्यानंतर मात्र तो रस्त्याकडे बघायला लागला.

धुळ्याला माईनं दारातच विचारलं, "उकळली का वं?"

"उकळायचाय तो तुझा चहा. ठेव." अक्का म्हणाल्या.

परतीच्या उन्हातही काटा हलला नाही. घरी आल्यावर प्रशांतनं गाडीतून उतरून बॉनेटवर हात ठेवला. भंगारवाल्याला फोन लावून "नको" म्हणाला. मग आईला, "ते बॅटरीचं पाणी पुण्याहून आणत जाऊ का?"

"जळगावात मिळतं," अक्का म्हणाल्या. "तू आपला येत जा."

त्यानंतर कित्येक उन्हाळे अक्का धुळ्याला जात राहिल्या. मग त्यांची नजर अंधुक व्हायला लागली. कुणी काही म्हणायच्या आधी त्यांनीच ठरवलं, गाडी द्यायची. मात्र ओढून न्यायला टोचन लावू दिलं नाही. "चालत आली, चालत जाईल." मी चालवली, त्या शेजारी बसल्या. मांडीवर बॅटरीच्या पाण्याची बाटली.

भंगारच्या आवारात गाडी लावल्यावर त्यांनी इंजिन थंड व्हायची वाट पाहिली. तिथला माणूस किल्लीसाठी हात पुढे करून उभा. अक्कांनी तळहात लावून पाहिला, टोपण उघडलं, थोडं पाणी कमी होतं ते भरलं आणि पदरानं कड पुसली.

तो माणूस हसला. "अक्का, आता तासाभरात तुटेल ती. पाणी कशाला?"

"आमना घरथून कोनी उपाशी जास नही," अक्का म्हणाल्या आणि किल्ली त्याच्या हातात ठेवली.

आम्ही रिक्षानं पिंप्राळ्याला निघालो. उन्हानं रिक्षावाल्याचा शर्ट पाठीला चिकटला होता. कोपऱ्यावर वळायच्या आत अक्कांनी पुढे वाकून विचारलं, "काय रे भो, पाणी पाहिलं का सकाळी हिचं?"

"हिला पाणी लागत नाही अक्का. हवेवर थंड होते ही."

अक्कांनी पिशवीतून प्यायच्या पाण्याची बाटली काढली आणि त्याच्या खांद्यावरून पुढे धरली.

"मंग तू तरी पी ले."