साबुदाण्याची खीर आणि नेसरीची नाचणी

मुलगी सहा महिन्यांची झाली आणि बायको तिला घेऊन माहेराहून, नेसरीहून, कोल्हापूरला परत आली. नव्वदचं दशक संपत आलं होतं. रिक्षातून सामान उतरवताना सगळ्यांत जड लागला तो एक पत्र्याचा डबा. आईनं दारातच भाकरतुकडा ओवाळून टाकला, नातीला कडेवर घेतलं आणि डब्याकडं बघून विचारलं, "ह्यात काय हाय?"

"नाचणीचं पीठ," बायको म्हणाली. "आमच्या अव्वानं मोड आणून, वाळवून, भाजून दळलंय. बाळीला घालायला." अव्वा म्हणजे तिची आई.

आईचा चेहरा जरा उतरला, कारण तिची तयारी वेगळी होती. नात यायची म्हणून तिनं बारीक साबुदाणा आणून, निवडून, काचेच्या बरणीत भरून ठेवला होता. मला आणि माझ्या बहिणीला तिनं साबुदाण्याच्या खिरीवरच वाढवलं होतं. पांढरीशुभ्र, पचायला हलकी आणि लेकरं मिटक्या मारत खातात, एवढं तिला पुरेसं होतं.

"नाचणा घातला तर प्वार काळं हुतंय," ती म्हणाली.

बायको पिशव्या आत नेत होती. ती थांबली आणि अगदी शांतपणे म्हणाली, "आत्या, मी दात यायच्या आधीपासनं नाचणीच खाल्लीया. आणि मला बघायला आलता तवा तुमीच म्हणालता की, पोरगी गोरी हाय."

आईनं माझ्याकडं बघितलं, मी रिक्षावाल्याकडं बघितलं. मग ती स्वतःच खुदकन हसली आणि नातीला म्हणाली, "तुझी आई लई बोलती गं."

शेवटी असं ठरलं की सकाळी आजीची खीर आणि संध्याकाळी आईची. मी शिरोलीच्या एका फौंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, साच्यांची वाळू तपासायच्या लॅबमध्ये होतो, त्यामुळं सकाळची पाळी असली की संध्याकाळचं भरवणं बघायला मिळायचं. मुलगी दोन्ही खायची. साबुदाण्याची खीर तर भराभर संपवायची, आणि आई विजयी मुद्रेनं रिकामी वाटी आम्हाला दाखवायची. पण घरातलं झाडून, भांडी लावून व्हायच्या आत पोरगी पुन्हा भुकेनं रडायला लागायची. शिवाय तिचं पोट साफ होईना. संध्याकाळी नाचणीची तांबूस खीर ती सावकाश खायची, निम्मी तोंडाला फासायची, पण मग निवांत खेळायची आणि झोपायची.

आईला हे दिसत होतं, पण मानवत नव्हतं. एका रविवारी जेवताना तिनं सुनेला सरळच विचारलं, "तू शिकलीयास न्हवं ह्यातलं? मग सांग. माझ्या साबुदाण्यात वाईट काय हाय?"

बायकोनं गृहविज्ञानात पदवी घेतली होती, पण घरात ती कधी पुस्तकी बोलायची नाही. ती म्हणाली, "वाईट कायच न्हाय, आत्या. साबुदाणा कंदापासनं करत्यात. कंद किसायचा, धुवायचा, चोथा टाकून द्यायचा आणि खाली बसलेला नुसता पांढरा साका घ्यायचा. त्यानं ताकद येती, पण दुसरं काय उरत न्हाय त्यात. नाचणी सालासकट दळत्यात. हाडासाठी कॅल्शियम, रक्तासाठी लोह, पोटासाठी चोथा, सगळं तिच्यातच ऱ्हातंय. आता बाळीची हाडं भरायची हाईत."

मला वाटलं आपणही थोडी भर घालावी. मी म्हणालो, "साका म्हणजे स्टार्चच की. आमी कारखान्यात मक्याचा स्टार्च वाळूत मिसळतो. साचा धरून ऱ्हातो. लोखंडाचा रस वतला की जळून जातो, मागं काय उरत न्हाय."

आईचा घास हातातच राहिला. "म्हंजे मी तुला वाळूत घालायचं खायला घातलं व्हय रं?"

बायकोला एवढं हसू आलं की तिला ठसका लागला. आई तिच्या पाठीवर थापट्या मारत मला बोलत होती आणि बोलता बोलता स्वतःही हसत होती. मग तिला आपली काळजी आठवली. "आणि माझ्या शुक्रवारच्या उपासाचं काय? खिचडी सोडू?"

"कशाला सोडताय?" बायको म्हणाली. "तुमच्या खिचडीत मूठ मूठ शेंगदाण्याचं कूट असतंय, वर ताक पिताय. निम्मं काम तर शेंगदाणं करत्यात. पर बाळीला कूट कुठं घालताय?"

दुसऱ्या दिवसापासून सकाळीही नाचणीच शिजू लागली. आईनं तसं जाहीर केलं नाही, पण साबुदाण्याची बरणी वरच्या फळीवर गेली.

बाळाच्या वाटीत दोन-चार चमचे उरायचेच. अन्न टाकायचं नाही म्हणून आई ते खाऊन टाकायची, आधी तोंड वाकडं करून, मग तसं न करता. एका दुपारी मी पाळी संपवून घरी आलो तर ती उंबऱ्यात बसून मोठ्या वाटीतून नाचणीची खीर खात होती. वर तूप, वेलदोड्याची पूड.

"कुणाची ही?"

"उरलेली."

"बाळी तर झोपलीया. आणि तिची वाटी एवढी कुठं असती?"

"जास्त झालती," आई म्हणाली आणि चमचा पुन्हा तोंडात घातला. "पोटात टिकतंय की हे. दिवेलागणीपातूर काय लागत न्हाय."

उन्हाळ्यात तर ती नाचणीच्या ताकातल्या आंबिलीपर्यंत पोचली. लसूण, जिरं, कोथिंबीर घालून, माठात गार करून ठेवायची आणि मी उन्हातून आलो की तांब्याभर पुढं करायची. शेजारच्या काकू नातवाला घेऊन आल्या तेव्हा मी आतल्या खोलीत होतो. बाहेर आई त्यांना समजावत होती, "साबुदाण्यात निस्ता स्टार्च हाय वं. माझा ल्योक वाळूत घालतोय ते." पुढं तिनं कॅल्शियम, लोह, चोथा असं सगळं सुनेच्या शब्दांत म्हणून दाखवलं. बायको माझ्या शेजारी तोंडाला पदर लावून उभी होती.

डबा दोनदा भरून आला. दिवाळीनंतर तिसऱ्यांदा नेसरीला निरोप धाडायची वेळ आली, तेव्हा आई माझ्या सासूबाईंबद्दल म्हणाली, "ईनबाईंनी किती पाठवायचं? मीच येतो." सगळा जन्म कोल्हापूरच्या पेठेत गेलेला, तिनं नाचणीचं पीक कधी बघितलंच नव्हतं.

आम्ही सगळे एसटीनं नेसरीला गेलो. सासूबाई आम्हाला थेट खळ्यावरच घेऊन गेल्या. कापलेल्या कणसांचा ढीग पडला होता. आईनं एक कणीस उचललं. आत वळलेल्या बोटांसारखं ते होतं. तिनं आपली मूठ त्याच्या शेजारी धरून बघितली आणि नातीलाही धरून दाखवली. नात आता दुडूदुडू चालायला लागली होती. तिनं ते कणीस ओढून घेतलं आणि तोंडात घातलं.

सासूबाई काठीनं कणसं झोडपत होत्या. आईनं पदर खोचला.

"ईनबाई, तुमी बसा की वं सावलीला," सासूबाई म्हणाल्या.

"बसायला आलो न्हाय मी. द्या ती दुसरी काठी."

पहिले चार फटके जमिनीवरच बसले. मग सासूबाईंनी मागं उभं राहून तिचा हात धरला आणि काठी कशी तिरकी पाडायची ते दाखवलं. थोड्या वेळानं दोघींचा ताल जमला. तांबूस दाणे उडायला लागले, आईच्या केसांत भुसा भरला आणि घामानं कुंकू पसरलं. इतकी खूश मी तिला क्वचित बघितली होती.

दुपारी आम्ही तिथंच बांधावर जेवलो. नाचणीची भाकरी, वांग्याचं भरीत आणि कांदा. नात सासूबाईंच्या मांडीवर होती. आईनं पहिली भाकरी संपवली, कुणी वाढायची वाट न बघता भाकरीच्या पाटीवरचं फडकं स्वतःच बाजूला केलं आणि दुसरी घेतली.