खलास म्हणजे नेमकं काय

ऑस्ट्रेलियाच्या ओसाड भागातून एकटीनं सायकलनं जायचं ठरवलं, तेव्हा त्याची तालीम मला बहरीनमध्येच करावी लागली. आणि बहरीनमध्ये पन्नाशीला टेकलेली बाई सामान लादलेल्या सायकलवर दिसली की लोकांना दोनच गोष्टी सुचतात. एक तर तिची गाडी बंद पडलीय, नाहीतर ती कुणाचं तरी जेवण पोचवायला निघालीय. दर शुक्रवारी सकाळी मी सनदच्या घरातून दक्षिणेच्या वाळवंटाकडे निघायचे, वजनासाठी पिशव्यांत तांदूळ आणि पाण्याच्या बाटल्या कोंबून. तेलाच्या पाइपांच्या कडेनं जाताना हमखास एखादी पिकअप थांबायची आणि आतला माणूस मला सायकलसकट उचलून न्यायची तयारी दाखवायचा. नको म्हटलं की हातात ताकाची बाटली देऊन जायचा. एकदा उम्म अल हस्सममध्ये चाकात हवा भरत उभी होते, तर समोरच्या इमारतीतून एक गृहस्थ लुंगीवरच खाली आले आणि म्हणाले, "मेरा बिर्यानी किधर है?" मी इथल्या अरबीत म्हटलं, "मफी बिर्यानी," म्हणजे बिर्यानी नाही. ते हिरमुसून वर गेले. मला त्यांची दया आली, पण थोडीशीच.

का जायचं, हे मात्र मला कुणालाच धड सांगता येत नव्हतं. माहेरी एका खोलीत आम्ही सगळी भावंडं झोपायचो. मग होस्टेल, मग लग्न, मग सनदचा हा दोन खोल्यांचा फ्लॅट आणि ऑफिसात शेजारच्या टेबलावरून माझ्या स्क्रीनमध्ये डोकावणारे सहकारी. अख्खा दिवस मी एकटी आहे आणि कुणी काही विचारत नाही, असं माझ्या आयुष्यात कधी झालंच नव्हतं. मला तसे दिवस हवे होते, आणि ते ओळीनं हवे होते. मैत्रिणी म्हणाल्या, मग एखाद्या हॉटेलात जाऊन राहा की. मी त्यांच्याशी वाद घालणं सोडून दिलं.

नवरा मआमीरजवळच्या एका कारखान्यात टेक्निशियन आहे. भिंतीवरच्या सुरक्षेच्या सूचना वाचून वाचून त्याचा स्वभावच तसा झालाय. त्यानं होकार दिला, पण अट घालून.

"रोज खबर हवी. एकदा जरी मला घाबरायची वेळ आली ना, तर मी तिथल्या पोलिसांना कळवणार. ते तुला उचलून आणतील आणि विषय संपेल."

हा माणूस बोलतो ते करतो, हे मला माहीत होतं. मी अट कबूल केली.

खबरीसाठी उपग्रहावर चालणारं एक छोटं यंत्र घेतलं. मोबाइलला रेंज नसेल तिथेही ते आपला ठिपका घरच्यांना नकाशावर दाखवत राहतं, आणि बटण दाबलं की आधीच लिहून ठेवलेला निरोप घरी जातो. शहाण्या माणसानं 'सुखरूप आहे' असं काहीतरी लिहिलं असतं. मला मेलीला कसली हौस! सकाळी निघताना 'यल्ला', म्हणजे चला. तंबू ठोकून पोटात काही गेलं की 'जेवले'. आणि वाऱ्यामुळे, उन्हामुळे, कशामुळेही दिवसाचा प्रवास मध्येच आटोपता घेतला की 'खलास'. बहरीनमध्ये भाजीवाल्यानं पिशवी बांधली की खलास, साहेबांची मीटिंग संपली की खलास, त्यामुळे मला त्यात काही वावगं वाटलं नाही. नवऱ्यानं तिन्ही पाठ केले. तो चक्क हसलासुद्धा.

जुलैच्या सुट्टीत घर आणि लेक सांभाळायला सासूबाई अमरावतीहून व्हिजिट व्हिसावर आल्या. जन्मभर अंगणवाडीतली पोरं वळणावर आणलेली बाई, माझी काय गय करणार? दारातून आत येताच जय भीम झाला आणि लगेच विचारणा झाली, "सायकल चालवाले इतक्या दूर काहून जा लागते वं? अमरावतीत रस्ते नाईत का?" नवऱ्याची अटही त्यांना पसंत पडली नाही. असल्या सुनेला आधीच घरात बांधून ठेवायला हवं होतं, असं त्यांचं मत होतं.

मी गेले. ऑस्ट्रेलियातला ऊडनाडाटा ट्रॅक म्हणजे लाल मातीचा रस्ता, पन्हाळी पत्रे अंथरावेत तसा. त्यावर दिवसभर सायकल हाकली की दात खिळखिळे होतात. माश्या नाकातोंडात जातात. पण मी इतकी खूश होते की मोठमोठ्यानं भीमगीतं म्हणत सुटले, तीही बेसूर, कारण ऐकायला होतंच कोण? अधूनमधून एखादं म्हातारं जोडपं मोठी गाडी थांबवून विचारायचं, सगळं ठीक आहे ना, आणि सँडविच देऊन जायचं. सायकलवरची बाई दिसली की तिला खाऊ घालायचं, हा नियम तिथेही होताच.

एके दिवशी समोरून असा वारा सुटला की पायडल मारूनही मी जागच्या जागीच. दुपारीच हार मानली. जुन्या रेल्वेच्या पडक्या भिंतीआड तंबू लावला, 'खलास'चं बटण दाबलं, आणि बॅटरी संपत आली म्हणून यंत्र बंद करून मेल्यासारखी झोपले. दुसऱ्या सकाळी 'यल्ला' पाठवून पुढे निघाले. पुढचा सगळा रस्ता मी पायडल मारतच पुरा केला, आणि घरी येऊन नवऱ्यासमोर भरपूर मिरवून घेतलं.

सासूबाईंनी खरा प्रकार सांगितला तो त्यानंतर, मेथी निवडताना.

त्या वाऱ्याच्या दिवसापासूनच नवऱ्याच्या कारखान्यात मोठं दुरुस्तीचं काम सुरू झालं होतं. मोबाइल गेटवर ठेवावा लागायचा. म्हणून त्यानं जाताना आईचा नंबरही यंत्राला जोडून दिला. निरोपांचा अर्थ सांगायला मात्र तो विसरला. माझी तिथली दुपार म्हणजे बहरीनमधली सकाळ; तेव्हा सासूबाईंचा मोबाइल वाजला. त्यांनी नातीला वाचायला सांगितलं.

"आजी, इट सेज खलास."

"म्हंजे?"

"लाइक, फिनिश्ड," लेक म्हणाली आणि कानाला हेडफोन लावून खोलीत गेली.

आता अमरावतीत खलास होतं ते माणूस. आईंनी नकाशा उघडला, तर ठिपकाही नाही.

"मले वाटलं, ज्यानं तुले खलास केलं, त्यानंच कळवलं," त्या म्हणाल्या. "म्हटलं, माणूस बरा दिसते."

मी मेथीवर कोसळून हसले. त्याही हसल्या. मग माझ्या एकदम लक्षात आलं की त्या संध्याकाळी नवरा घरी आला असणार. त्यानं निरोप गेटवर मोबाइल परत घेतानाच वाचला होता, त्याला अर्थ माहीत, मग काळजी कसली? तो निवांत जेवला होता आणि झोपला होता. आणि आईंना वाटत होतं, त्याला अजून काही कळलेलंच नाही.

"तुम्ही याला सांगितलं का नाही, आई?"

"सांगितलं असतं त त्यानं पोलीस धाडले असते. तू जित्ती असतीस, तरी तुले उचलून आणलं असतं. मंग जनमभर तुझं ते रुसलेलं तोंड मलेच पाहा लागलं असतं."

"आणि खरंच मेले असते तर?"

त्यांचे हात थांबले. "तुझं यल्ला येऊन ठिपका हालेपर्यंत मोबाइल छातीशी धरून बसली होती मी," त्या म्हणाल्या. "तू मेली असतीस त म्या सोताले कधी माफ केलं नसतं. पण तुले अर्ध्यातून वापस आणणारी मी नसती झाली."

मला रडू आवरेना. काही बोलावं म्हणून तोंड उघडलं, तेवढ्यात दाराची कडी वाजली आणि नवरा आत आला. माझे डोळे बघून म्हणाला, "काय झालं?"

"काई नाई," सासूबाई म्हणाल्या. "तिले मेथी निवडता येत नाई."