भिंतीपलीकडची चक्की

निपाणीतल्या आमच्या घराच्या तीन भिंती आमच्या आणि चौथी अर्धीच आमची. बाबांनी आणि शेजाऱ्यांनी एकाच वर्षी घरं बांधली आणि विटा वाचवायच्या म्हणून मधली भिंत दोघांत एकच घातली. पन्नास वर्षं त्या भिंतीचं मला काही वाटलं नाही. आई तिच्या लगतच्या खोलीत अंथरुणाला खिळली, तेव्हा ती भिंत किती पातळ आहे ते कळलं.

आईचा कॅन्सर हाडांत उतरला होता. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं, म्हणजे काय ते आम्हा दोघींनाही समजलं. मी शाळेतून लांब रजा घेतली. तिची रात्र कण्हण्यात जायची. सकाळी औषधाचा अंमल चढला की नऊच्या सुमाराला तिचा डोळा लागायचा. ते दोन तास तिचे, आणि खरं सांगायचं तर माझेही. नेमकी साडेनऊला पलीकडे पिठाची चक्की सुरू व्हायची.

कपाटाएवढी घरगुती चक्की ती, पण आवाज असा की आईच्या उशाजवळचा पाण्याचा तांब्या थरथरायचा. आई डोळे न उघडता भुवया आवळायची. मी तिच्या कपाळावर हात ठेवून बसायची आणि मनात शेजारणीला नाही नाही ते बोलायची.

शेजारीण म्हणजे गल्लीची आक्का. सत्तरी ओलांडलेली, नवरा गेलेला, मुलं पुण्यात. जैन, आणि त्यातही व्रती. रोजची पूजा बस्तीत, म्हणजे त्यांच्या देवळात. दिवसातून एकदाच, सकाळी अकराला जेवायची. त्यांच्यात पिठाला मुदत असते. पावसाळ्यात दळलेलं पीठ तीन दिवसांच्या वर चालत नाही. बाजारच्या गिरणीतलं तर नाहीच, आधीच्या दळपात काय किडामुंगी भरडली असेल कुणी सांगावं. म्हणून मुलानं चक्की घेऊन दिलेली. गल्लीतल्या आणखी चार व्रती म्हाताऱ्या तिच्याकडेच दळप आणायच्या, त्यामुळे चक्कीला एक दिवस सुटी नव्हती.

पहिल्यांदा मी गोड बोलून बघितलं. आक्कानं लगेच चक्कीखाली गोणपाटाच्या चार घड्या घातल्या. फरक शून्य. वेळ बदला म्हटलं, तर ती अवघडून गेली.

"कशी बदलू गं? बस्तीतली पूजा आटपून नऊला येते. मग उजेडात ज्वारी निवडायची. अकराच्या आत भाकरी व्हाय पायजे. त्येच्यानंतर पाणीसुदिक न्हाय मला."

"मग चक्की दुसऱ्या खोलीत न्या."

"सोवळ्याची जागा ती एवढीच हाय बघ."

सगळं बरोबर होतं तिचं. बरोबर असलेल्या माणसाचा राग जास्त येतो. मी पाय आपटत घरी आले.

पुढच्या आठवड्यात एकदा आईला सलग दोन रात्री झोप नव्हती. सकाळी औषध दिलं, तिची मान जरा कलंडली, आणि पलीकडे घरघर सुरू झाली. आई दचकून जागी झाली आणि लहान मुलीसारखी रडायला लागली. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. तशीच विस्कटलेल्या केसांनी आक्काच्या स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले. आत दळप घेऊन आलेल्या दोन म्हाताऱ्या बसल्या होत्या. त्यांच्यासमोर मी तोंड सोडलं. मुंगीला जपता आणि माणसाला छळता, असंही म्हणाले. शेवटी म्हणाले, "तुमच्या एका भाकरीसाठी माझ्या आईनं तडफडत मरायचं का?"

मी शाळेत मराठी शिकवते. कुठला शब्द कुठं लागतो ते मला माहीत असतं. आक्कानं पुढं होऊन बटण बंद केलं. अर्धवट दळलेली ज्वारी तशीच आत राहिली.

दुसऱ्या दिवसापासून चक्की वाजली नाही. मी जिंकले होते. आई सकाळचे दोन तास झोपायला लागली, मीही तिच्या पायथ्याशी डुलक्या घ्यायला लागले. आक्कानं काय सोय केली असेल, याचा विचार माझ्या मनात आला नाही असं नाही. आला, आणि मी तो बाजूला सारला. तिच्या मैत्रिणी आहेत, तिची मुलं आहेत, त्यांनी बघावं.

विचार आईनंच केला. दहा-बारा दिवसांनी औषध घेता घेता म्हणाली, "आक्काची चक्की का गं वाजंना?"

"बिघडलीया."

"मग ती खातीया काय? जा, इचारून ये जरा."

"येते," म्हटलं आणि गेले नाही. आईनं दोनदा आठवण केली. दुसऱ्या वेळी मी तिच्यावर ओरडले. गल्लीची काळजी करायला मी एकटीच उरलेय का, तू एक मला पुरे झालीस, असं ओरडले. त्यानंतर तिनं विचारलं नाही. तीन आठवड्यांनी ती गेली.

घरात चूल पेटत नाही त्या दिवसांत गल्लीनं जेवण आणलं. कुणी भाकरी-आमटी, कुणी पिठलं, कुणी चपात्या. आक्का वाकत वाकत आली आणि पातेलंभर भात ठेवून गेली. चक्कीवाल्या घरातून भातच तेवढा आला, हे माझ्या लक्षात आलं. तिच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकल्या होत्या, तेही दिसलं. पण तेव्हा मी माझ्याच दुःखात होते.

तेरावा झाला आणि मी तिच्याकडे गेले. माफी मागायची होती, पण तोंडातून आलं ते असं, "आक्का, आता लावा चक्की. आता कुणाची झोप मोडायची नाही."

ती उकडलेले मूग वाटीत घेऊन बसली होती. शेजारी पाण्याचा पेला. साखरेच्या आजारामुळे तिला भात बंद होता, हे अख्ख्या गल्लीला माहीत होतं. कोपऱ्यात चक्कीवर धुतलेलं लुगडं पांघरलेलं.

"न्हाय गं. नियम घेतलाय मी."

"कसला नियम?"

"तू बोलून गेलीस त्याच दिवशी बस्तीत जाऊन घेतला. तुझी आई अंथरुणात उठून बसंपतुर पिठाचं काय खायाचं न्हाय."

मला आधी अर्थच लागला नाही. मग लागला. आई उठून बसलीच नव्हती. आणि आता ती कधीच उठून बसणार नव्हती.

"आक्का, असा नियम कुणी घेतं का?"

"ती बरी व्हईल असं वाटलं मला. माझ्या एका भाकरीनं बरी व्हत असली तर वाईट काय?" तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं.

मुनी महाराजांना विचारा, ते नियमातून सोडवतील, असं मी म्हणून बघितलं. ती म्हणाली, "देवासमोर बोललेय ते मी. महाराजांवर कशाला ढकलू?" मग मला एक सुचलं. त्या वेळी ते चांगलंच वाटलं.

"आक्का, आई बसली होती. शेवटच्या आठवड्यात. एका सकाळी आपली आपण उठून बसली, चांगली पाच मिनिटं. मीच सांगायला विसरले तुम्हाला. तुमचा नियम तेव्हाच संपला."

आक्कानं वाटी खाली ठेवली. माझ्याकडे बघितलं आणि मग आमच्या दोघींच्या भिंतीकडे.

"चक्की बंद झाल्यापासनं हिकडं सगळं ऐकू येतंय गं," ती म्हणाली. "मी रोज हितंच भिंतीला टेकून बसत हुते. आज बसती का, उद्या बसती का म्हणून."

म्हणजे कण्हणं ऐकलं. आई "जा, इचारून ये" म्हणाली तेही ऐकलं, आणि मी ओरडले ते तर गल्लीच्या टोकालाही गेलं असेल. मूग निवत चालले होते आणि अकरा वाजायला आले होते, म्हणून तिनं वाटी पुन्हा हातात घेतली.

मी घरी येऊन आईच्या रिकाम्या खाटेवर बसले. साडेनऊ केव्हाच होऊन गेले होते. भिंतीपलीकडून वाटीवर चमचा लागल्याचा आवाज आला, मग पेला ठेवल्याचा. तिचं त्या दिवसाचं जेवण झालं होतं.